पेशंट समोर आला की सुरुवात कुठून करायची? इमर्जन्सीत नवीन आलेल्यांसाठी

अँब्युलन्सवर किंवा कॅज्युअल्टीत नवीन लागलेली मुलं पहिल्या आठवड्यात मला एकच गोष्ट सांगतात, की ताई सगळं पाठ आहे पण पेशंट समोर आला की डोकं रिकामं होतं, आजूबाजूला नातेवाईक ओरडत असतात आणि हात कुठे घालावा तेच कळत नाही. हे सगळ्यांचंच होतं. म्हणून पेशंट कसा बघायचा ते मी जसं नवीन मुलांना शेजारी उभं करून सांगते तसंच इथे लिहितेय. औषधं आणि प्रोसिजर तुमच्या ट्रेनिंगप्रमाणे आणि तुमच्याकडच्या प्रोटोकॉलप्रमाणेच करायच्या, मी इथे फक्त बघायचं कसं ते सांगणार आहे.

आधी माझी एक चूक सांगते. मी नवीन होते तेव्हा एका अपघातात दोन पेशंट होते. एकाचा पाय गुडघ्याखाली वाकडा झालेला, रक्त आलेलं आणि तो जिवाच्या आकांताने ओरडत होता. दुसरा बाजूला कठड्याला टेकून गप्प बसलेला, अंगावर कुठे मोठी जखम नाही, विचारलं तर फक्त मान हलवली. मी सरळ ओरडणाऱ्याकडे गेले आणि पायाला स्प्लिंट लावत बसले. सोबतच्या सिनियरने त्या गप्प माणसाचा शर्ट वर केला तर छातीची एक बाजू हलतच नव्हती, श्वास मिनिटाला चाळीसच्या घरात आणि ओठ काळसर पडायला लागलेले. तो वाचला, पण तो सिनियरच्या नजरेमुळे वाचला, माझ्यामुळे नाही. त्या दिवसापासून मी एवढंच धरून ठेवलंय की डोळा आपोआप आवाजाकडे आणि रक्ताकडे जातो, आणि जो ओरडतोय त्याचा निदान श्वासाचा रस्ता तरी उघडा असतो. गप्प बसलेल्याचं तेवढंही माहीत नसतं. आपण जो क्रम पाळतो तो आपल्याला आपल्याच डोळ्यांच्या या सवयीपासून वाचवायला आहे.

हा क्रम म्हणजे एबीसीडीई. एअरवे, ब्रीदिंग, सर्क्युलेशन, डिसेबिलिटी म्हणजे मेंदूची स्थिती, आणि एक्स्पोजर म्हणजे अंग उघडं करून बघणं. आज तो सगळीकडे शिकवतात पण त्याच्यामागे एक दुःखद घटना आहे. १९७६ साली जेम्स स्टायनर नावाचे अमेरिकन ऑर्थोपेडिक सर्जन स्वतःचं छोटं विमान चालवत कुटुंबासह निघाले होते आणि नेब्रास्कातल्या एका शेतात ते विमान कोसळलं. बायको जागीच गेली, चार मुलांपैकी तीन गंभीर जखमी झाली. जवळच्या छोट्या हॉस्पिटलमध्ये जे उपचार मिळाले ते बघून त्यांना जाणवलं की तिथल्या लोकांना आधी काय आणि नंतर काय हेच कुणी शिकवलेलं नाही. त्यातून १९७८ मध्ये पहिला ट्रॉमा कोर्स झाला, १९८० पासून अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो सगळीकडे नेला आणि त्याचा कणा हाच क्रम होता. तत्त्व एकदम साधं आहे, जी गोष्ट सगळ्यात लवकर जीव घेते ती आधी बघायची, आणि बिघाड सापडला की तिथेच थांबून तो सांभाळायचा, मगच पुढे सरकायचं. पूर्ण निदान झालेलं नसलं तरी चालतं. श्वास अडकला असेल तर का अडकला ते नंतर बघू, आधी मोकळा करू.

जवळ जायच्या आधी

गाडीतून उतरल्यावर किंवा खोलीत शिरताना एक क्षण थांबा. वायर लोंबकळतेय का, गॅसचा वास येतोय का, ट्रॅफिक चालूच आहे का, कुणाच्या हातात हत्यार आहे का. बंद खोलीत एकाच वेळी दोन-तीन माणसं चक्कर येऊन पडली असतील तर आत घुसू नका, विषारी वायू असू शकतो आणि मग पेशंटच्या यादीत तुमची भर पडते. हातमोजे घातलेले हवेत, रक्त किंवा उलटी उडण्यासारखी असेल तर मास्क आणि चष्माही. पेशंट किती आहेत ते मोजा आणि जास्त मदत लागणार असेल तर आत्ताच मागवा, कारण एकदा हात कामाला लागले की फोन करायचं राहून जातं.

अपघात असेल तर तो कसा झाला ते डोळ्यांत साठवून घ्या. स्टेअरिंग वाकलंय, काचेला डोक्याचा तडा गेलाय, पेशंट गाडीबाहेर फेकला गेलाय, किती उंचीवरून पडला, ही माहिती हॉस्पिटलमधल्या डॉक्टरला दिसणार नसते, ती फक्त तुम्हीच नेऊ शकता.

दारातूनच

पेशंटला हात लावायच्या आधी चार-पाच सेकंद नुसतं बघा. मला विचाराल तर पूर्ण तपासणीतला हा सगळ्यात मोलाचा भाग आहे आणि नवीन मुलं नेमका हाच सोडतात कारण बॅग उघडायची घाई असते. कसा बसलाय? पुढे वाकून दोन्ही हात गुडघ्यावर टेकवून बसलाय म्हणजे श्वासासाठी झगडतोय, त्याला आडवं करायला जाऊ नका. पोटात दुखणारा एक माणूस तळमळत लोळत असतो आणि दुसरा हललं तरी कळ येते म्हणून एकदम निश्चल पडलेला असतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोळणाऱ्यात मुतखडा असू शकतो आणि निश्चल पडलेल्यात पोटातल्या अस्तराला सूज. चेहऱ्याचा रंग, घाम, तुमच्याकडे बघतोय का, पूर्ण वाक्य बोलतोय का दोन शब्दांवर श्वास घेतोय. एवढ्यावरून तुमच्या मनात एक कौल पडला पाहिजे, हा आजारी आहे का खूप आजारी आहे. हा कौल कधी चुकेल, हरकत नाही, पण घाबरवणारा कौल पडला असेल आणि पुढे सगळे आकडे चांगले आले तर आकड्यांवर लगेच विश्वास ठेवून मोकळे होऊ नका, पुन्हा मोजा.

मग जवळ जाऊन नाव सांगा आणि एक साधा प्रश्न विचारा, काका काय होतंय? स्वच्छ आवाजात नीट उत्तर आलं तर एका झटक्यात तुम्हाला कळलं की रस्ता उघडा आहे, बोलण्याइतकी हवा आत जातेय आणि मेंदूला रक्त पोचतंय. उत्तर नाही आलं तर मोठ्याने हाक, तरीही नाही तर खांद्याचा स्नायू दाबून वेदना द्या. यालाच एव्हीपीयू म्हणतात, जागा आहे, हाकेला ओ देतो, दुखवल्यावर हलतो, का काहीच नाही.

काहीच नाही आणि श्वासही नीट नाही, तर पुढचं सगळं बाजूला. गळ्याची नाडी जास्तीत जास्त १० सेकंद बघायची, लागली नाही किंवा खात्री वाटत नाही तर छाती दाबायला सुरू, मिनिटाला १०० ते १२०, मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटीमीटर खोल, आणि कुणाला तरी डीफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला शॉक द्यायचं मशीन, आणायला पिटाळा. इथे एक फसगत लक्षात ठेवा. हृदय थांबल्यावर पहिली काही मिनिटं बऱ्याच पेशंटचं तोंड मासा पाण्याबाहेर काढल्यावर उघडतो तसं मधूनमधून उघडतं, आचके येतात, घरघर होते, आणि नातेवाईक म्हणतात श्वास चालू आहे. तो श्वास नाही. त्याच्यामुळे सीपीआर सुरू करायला उशीर होतो आणि तो उशीर भरून निघत नाही.

आणखी एक अपवाद, धो-धो रक्त वाहतंय, कपडे भिजून जमिनीवर थारोळं झालंय किंवा रक्त उडतंय, तर एअरवेच्याही आधी ते थांबवा, म्हणूनच आता बऱ्याच ठिकाणी एबीसीच्या आधी एक्स लावतात. जखमेवर थेट आणि जोरात दाब, दर मिनिटाला उचलून बघायचं नाही. हातापायाचं रक्त दाबाने थांबत नसेल तर टूर्निके, म्हणजे रक्त रोखायला आवळून बांधायचा पट्टा, जखमेच्या ५ ते ७ सेंटीमीटर वर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत घट्ट, आणि लावल्याची वेळ लिहून ठेवायची.

एअरवे

कान वापरा. घोरल्यासारखा आवाज म्हणजे जीभ मागे पडलीय, खळखळ म्हणजे घशात रक्त, उलटी किंवा थुंकी आहे, श्वास आत घेताना शिट्टीसारखा कर्कश आवाज म्हणजे वरचा रस्ता अरुंद झालाय. आणि छाती धडपडतेय पण आवाजच नाही म्हणजे रस्ता पूर्ण बंद, शांत झाला म्हणून बरं वाटलं असं कधीही समजू नका.

जीभ मागे पडली असेल तर डोकं मागे आणि हनुवटी वर. मानेला मार असण्याची शक्यता असेल तर मान न हलवता जबडा दोन्ही कोपऱ्यांना धरून पुढे ढकलायचा, मात्र त्याने रस्ता उघडत नसेल तर रस्ता उघडणंच महत्त्वाचं, मान जपत जपत जीव गमावून उपयोग नाही. तोंडात काही दिसत असेल तर सक्शन, मोठ्या माणसात एका वेळी साधारण १५ सेकंदांपेक्षा जास्त नाही कारण तेवढा वेळ तुम्ही त्याचा ऑक्सिजनही ओढत असता. न दिसणाऱ्या गोष्टीसाठी घशात बोट घालू नका, वस्तू अजून खाली जाते. तोंडातून घालायची एअरवे नावाची नळी फक्त ज्याला ओकारीची प्रतिक्रिया नाही त्यालाच, नाहीतर उलटी होऊन ती फुफ्फुसात जाईल.

भाजलेल्या माणसाच्या नाकातले केस जळलेत का, थुंकीत काजळी आहे का, आवाज बसलाय का ते बघा. आत्ता बोलत असला तरी आतली सूज पुढच्या काही तासांत वाढते आणि मग नळी घालणं फार अवघड होऊन बसतं, त्यामुळे हे दिसलं की लगेच वरिष्ठांना कळवा.

ब्रीदिंग, आणि इथे मी जरा थांबणार आहे

नाडी, बीपी, ऑक्सिजन सगळं मशीन सांगतं, श्वास मात्र अजूनही बऱ्याच ठिकाणी माणसालाच मोजावा लागतो, आणि म्हणून तो कुणी मोजत नाही. चार्ट उघडून बघा, सगळ्या पेशंटचा श्वास १८ किंवा २० लिहिलेला असतो, दमेकऱ्याचाही आणि पाय मुरगळलेल्याचाही. हा अंदाजाने टाकलेला आकडा आहे आणि मला त्याचा मनापासून राग येतो, कारण पेशंट बिघडायला लागला की बरेचदा सगळ्यात आधी श्वासाचा वेगच बदलतो, बीपी पडायच्या कितीतरी आधी. शरीराला ऑक्सिजन कमी पडू दे, रक्तात आम्ल वाढू दे, इन्फेक्शन पसरू दे, रक्त कमी होऊ दे, श्वास वाढतो. इन्फेक्शनच्या पेशंटमध्ये श्वास २२ किंवा जास्त, वरचं बीपी १०० किंवा कमी, आणि गोंधळलेपणा, या तिन्हींपैकी दोन असले तरी धोका मोठा आहे असं समजा, आणि यातल्या दोन गोष्टींना मशीन लागत नाही.

मोजायचा असा, मनगट धरा जणू नाडी बघताय, आणि नजर छातीवर किंवा पोटावर. पेशंटला सांगितलं की श्वास मोजतेय तर तो आपोआप बदलतो. ३० सेकंद मोजून दुप्पट करा, अनियमित असेल तर पूर्ण मिनिट. मोठ्या माणसात १२ ते २० नॉर्मल धरतात. तीसच्या वर गेला किंवा दहाच्या खाली आला तर तुमचे कान उभे राहिले पाहिजेत.

वेग मोजताना बाकीचंही बघून घ्या. मानेचे स्नायू ताणले जातायत का, बरगड्यांमधली जागा आत ओढली जातेय का, दोन्ही बाजू सारख्या फुगतायत का. मग स्टेथो, निदान चार जागी, दोन्ही बाजूंची तुलना करत. दमेकऱ्याच्या छातीत शिटी वाजतेय ते वाईट आहेच पण शिटी बंद होऊन छाती शांत झाली आणि पेशंट पेंगायला लागला तर तो दमलाय, हवा आत-बाहेर होणंच थांबत चाललंय. अपघातात एका बाजूला आवाज नाही, श्वास भराभर आणि बीपी पडतंय तर छातीत दाबाने हवा भरतेय असं धरून चाला, श्वासनलिका एका बाजूला सरकेपर्यंत वाट बघायची नाही, ते फार उशिराचं लक्षण आहे.

ऑक्सिमीटर चांगली वस्तू आहे पण तो एवढंच सांगतो की हिमोग्लोबिनवर काहीतरी बसलेलं आहे. बोटं गार असली, नेलपॉलिश असलं, पेशंट थरथरत असला तर आकडा चुकतो. आणि धुरात सापडलेल्या माणसात कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटलेला असतो तेव्हा मशीन खुशाल ९९ दाखवतं आणि पेशंट आतून गुदमरत असतो, त्यामुळे तिथे आकडा न बघता भरपूर ऑक्सिजन द्यायचा. बाकी बहुतेकांना ९४ ते ९८ पुरेसं, आणि सीओपीडी म्हणजे फुफ्फुसाचा जुनाट आजार असलेल्यांना ८८ ते ९२ च्या मध्ये ठेवायचं कारण त्यांना जास्त ऑक्सिजन दिला तर कार्बन डायऑक्साइड साठून ते गुंगीत जाऊ शकतात.

सर्क्युलेशन

बीपीचा पट्टा गुंडाळायच्या आधी पेशंटचा हात हातात घ्या. गरम कोरडा आहे का थंडगार आणि ओला? नाडी मनगटाला लागतेय का, भरलेली का धाग्यासारखी, नियमित का वेडीवाकडी? नख किंवा बोटाचं टोक पाच सेकंद दाबून सोडा, दोन सेकंदांच्या आत रंग परत आला पाहिजे, खोली खूप गार असेल तर हे फसवतं म्हणून कपाळावर किंवा छातीवर करून बघा. मनगटाला नाडी लागली म्हणजे बीपी ८० च्या वर आहेच असं पूर्वी शिकवायचे, त्यावर विसंबू नका, अंदाज चुकतो.

नवीन मुलांची इथली सगळ्यात मोठी गफलत म्हणजे बीपी नॉर्मल आलं की शॉक नाही, म्हणजे अवयवांना रक्त कमी पडत नाही, असं ठरवून टाकणं. तब्येतीने धडधाकट माणसाच्या अंगातून त्याच्या रक्ताच्या १५ ते ३० टक्के, म्हणजे साधारण पाऊण ते दीड लिटर रक्त जाईपर्यंत वरचं बीपी टिकून राहू शकतं. शरीर हातापायाच्या रक्तवाहिन्या आवळून आणि नाडी वाढवून ते टिकवून धरतं. म्हणजे तुम्हाला दिसतं काय तर नाडी ११०, हात गार, घाम, जरा बेचैन, आणि बीपी ११८. हा पेशंट नॉर्मल नाही, तो आतून झुंजतोय. ज्या क्षणी बीपी पडतं त्या क्षणी त्याची ताकद संपलेली असते. एक सोपा हिशोब हाताशी ठेवा, नाडीला वरच्या बीपीने भागायचं, उत्तर ०.५ ते ०.७ च्या आसपास ठीक, ०.९ च्या वर गेलं तर सावध. वरच्या उदाहरणात ते ०.९३ येतं, नुसतं बीपी बघणाऱ्याला ते कळलंच नसतं.

पण हा हिशोबही फसतो. बीटा ब्लॉकरच्या गोळ्या चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसाची नाडी कितीही रक्त गेलं तरी ७० वरच राहू शकते. आणि ज्याचं रोजचं बीपी १७० असतं त्याच्यासाठी ११० हे पडलेलं बीपी आहे. म्हणून औषधं आणि नेहमीचं बीपी विचारणं ही फॉर्म भरायची बाब नाही.

रक्त बाहेर दिसत नसेल तर आत शोधा, छाती, पोट, कंबरेचं हाड आणि मांड्या. एका मांडीचं हाड मोडलं तर एक ते दीड लिटर रक्त आतल्या आत साठू शकतं, कंबरेच्या हाडात त्याहून जास्त. कंबरेचं हाड हलवून हलवून बघू नका, बसलेली गुठळी सुटते. वीस आठवड्यांच्या पुढच्या गरोदर बाईला उताणं ठेवलं तर गर्भाशय मोठ्या शिरेवर दाबतं आणि बीपी तेवढ्यानेच पडतं, तिला डाव्या कुशीवर कलतं करा.

मेंदू आणि शुगर

ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे शुद्ध किती आहे ते आकड्यात मोजायची पद्धत, तुम्हाला येत असणार, टीसडेल आणि जेनेट या दोघांनी १९७४ मध्ये काढलेला, डोळ्यांचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६, एकूण ३ ते १५. मला फक्त दोन गोष्टी सांगायच्या आहेत. नुसती बेरीज सांगू नका, तीन आकडे वेगवेगळे सांगा, कारण ९ अनेक प्रकारे होतो आणि हालचालीचा आकडा सगळ्यात जास्त बोलतो. आणि ८ किंवा खाली असेल तर हा माणूस स्वतःचा घसा सांभाळू शकत नाही असं धरून परत एअरवेवर या.

डोळ्यांच्या बाहुल्या बघा. सुईच्या टोकाएवढ्या आणि श्वास मंद, तर अफूवर्गीय औषध डोक्यात आलं पाहिजे. सुईच्या टोकाएवढ्याच पण तोंडाला फेस, घाम, लाळ, छातीत खळखळ, तर कीटकनाशक, आणि मग स्वतःचे हातमोजे सांभाळा, कपडे काढून अंग धुतलं पाहिजे. डोक्याला मार लागून एकच बाहुली मोठी झाली असेल तर मेंदूवर दाब वाढतोय, आता घाई करा.

शुद्धीत काहीही गडबड असली की शुगर. प्रत्येक वेळी. दारू प्यायलाय असं सगळे सांगत असले तरी, फिट आली असली तरी, स्ट्रोक स्पष्ट दिसत असला तरी. ७० च्या खालची शुगर हुबेहूब स्ट्रोकसारखी दिसू शकते, अर्धं अंग लुळं, बोलणं अडखळतं, आणि ग्लुकोज दिल्यावर माणूस उठून बसतो. दारूचा वास हे निदान नव्हे, दारू प्यायलेला माणूस पडून डोक्याला मार लावून घेतो, त्याची शुगरही पडते.

स्ट्रोकची शंका आली, चेहरा एका बाजूला ओढलाय, हात वर धरला की खाली येतो, शब्द फुटत नाहीत, तर नातेवाइकांना कधीपासून असं विचारू नका. शेवटचं एकदम ठणठणीत कधी पाहिलं होतं असं विचारा. सकाळी सहाला उठल्यावर लक्षात आलं म्हणतील, पण रात्री दहाला झोपताना नीट होते म्हणजे वेळ दहापासून मोजायची. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळे तो एक आकडा कधीकधी तुमच्या बाकी सगळ्या नोंदींपेक्षा जास्त कामाचा असतो.

अंग उघडून बघणं

कपडे कापा, आडपडदा ठेवून पण नीट बघा. पाठ, काखा, मांडीच्या मधली जागा, डोक्याचा मागचा भाग, चाकूच्या जखमा आणि चावे इथेच लपतात. बाईमाणूस असेल तर शक्यतो स्त्री सहकारी बरोबर घ्या आणि काय करताय ते बोलत राहा. बघून झालं की लगेच पांघरूण घाला. रक्त गेलेला माणूस गार पडला की त्याचं रक्त नीट गोठत नाही, आणि गोठत नाही म्हणून अजून जातं, हे चक्र सुरू होऊ द्यायचं नाही.

इथपर्यंतचं सगळं वाचायला वेळ लागला असेल पण हात बसला की एक-दोन मिनिटांत होतं.

आता विचारपूस

आता बोलायला वेळ आहे. सँपल नावाची आठवण तुम्हाला शिकवली असेल, त्रास काय, कशाची ॲलर्जी, औषधं कुठली, जुने आजार, शेवटचं कधी खाल्लं, आणि हे सुरू होताना काय चाललं होतं. यातल्या औषधांवर जोर द्या, नातेवाईक म्हणतात काही आजार नाही आणि मग पिशवीतून पाच गोळ्यांची पाकिटं निघतात, ती सगळीच्या सगळी बरोबर घ्या. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का हा प्रश्न पडलेल्या प्रत्येक वयस्कर माणसाला विचाराच, कारण डोक्यावरचा छोटासा टेंगूळही त्यांच्यात आत रक्त साठवू शकतो, आणि कशामुळे पडले तेही विचारा, घसरले का आधी चक्कर आली.

छातीत दुखतंय म्हणाला तर लांबलचक मुलाखत नको, पहिल्या १० मिनिटांत ईसीजी झाला पाहिजे. बायकांमध्ये, म्हाताऱ्यांमध्ये आणि डायबिटीसवाल्यांमध्ये छातीत न दुखता नुसता दम लागतो, मळमळतं, जबडा किंवा पाठ दुखते, प्रचंड थकवा येतो आणि घरचे ॲसिडिटी म्हणून मोकळे होतात. तुम्ही होऊ नका. पेशंट स्वतः म्हणाला की मला आता काही खरं वाटत नाही, मी मरणार, तर ते घाबरटपणा म्हणून झटकू नका. मी ते लक्षण म्हणूनच लिहिते.

लहान मुलांचं थोडक्यात. दुरूनच तीन गोष्टी, वागणं कसंय, श्वासाला कष्ट पडतायत का, त्वचेचा रंग काय. आईच्या कडेवर असेल तर तिथेच तपासा. मुलांचं बीपी मोठ्यांपेक्षाही जास्त वेळ टिकतं आणि मग एकदम कोसळतं, एक ते दहा वर्षांत वरच्या बीपीची खालची मर्यादा वयाची दुप्पट अधिक ७० अशी लक्षात ठेवा, पण तिथे पोचायची वाट बघायची नाही. तुमच्या हातात येऊन सुई टोचल्यावरही न रडणारं मूल ही मोठी इमर्जन्सी आहे.

खूप पेशंट एकदम आले तर हा सगळा क्रम एका पेशंटवर पूर्ण करत बसायचं नाही. कुणाकडे किती घाईने बघायचं ते रंगाने ठरवायचं. चालू शकणाऱ्यांना बाजूला व्हायला सांगा, ते हिरवे. उरलेल्यांत श्वास नाही आणि रस्ता उघडूनही येत नाही तो काळा, श्वास ३० च्या वर, किंवा मनगटाला नाडी नाही, किंवा साधी आज्ञा पाळत नाही, तो लाल, बाकी पिवळे. एकाला अर्ध्या-एक मिनिटापेक्षा जास्त नाही. मन मानत नाही, पाय उचलत नाही, तरी पुढच्याकडे जायचं.

पुन्हा पहिल्यापासून

तपासणी एकदा करून संपत नाही. गंभीर पेशंट दर ५ मिनिटांनी, स्थिर वाटणारा दर १५ मिनिटांनी, आणि दर वेळी ए पासून. पेशंट एका स्ट्रेचरवरून दुसऱ्यावर घेतला, औषध दिलं, काही बदल जाणवला, की परत ए पासून. एक बीपी म्हणजे एक फोटो असतो, तीन बीपी घेतली की कळतं माणूस कुठल्या दिशेला चाललाय. वेळ घालून लिहा, हातमोज्यावर किंवा चिकटपट्टीवर लिहा पण लिहा, हॉस्पिटलपर्यंत लक्षात राहत नाही.

हँडओव्हर देताना आधी समोरच्याची नजर तुमच्याकडे येऊ द्या, सगळे पेशंट उचलण्यात गुंतलेले असताना बोललेलं हवेत जातं. वय, किती वाजता काय झालं, काय लागलंय किंवा कशाची शंका आहे, तपासणीत काय मिळालं, तुम्ही काय दिलंत. अर्ध्या-पाऊण मिनिटात बसवा. गोळ्यांची पाकिटं आणि ईसीजीचा कागद हातात द्या, टेबलावर ठेवू नका. टूर्निके लावलेला असेल तर त्याची वेळ मोठ्याने सांगा. आणि वाटेत शेवटच्या दहा मिनिटांत नाडी १०४ वरून १२२ झाली असेल आणि श्वास २० वरून २८, तर ती ओळ सगळ्यात पहिल्यांदा सांगा, नाव आणि वयाच्याही आधी.